मक्याच्या पिशव्या

सासू-सुनेची गोष्ट म्हटली की ऐकणारे जरा सरसावून बसतात. आता भांड्याला भांडं लागणार, कोणीतरी कोणाचा तरी उद्धार करणार, आपली घटकाभर करमणूक होणार. त्यांचा हिरमोड होऊ नये म्हणून आधीच सांगून टाकलेलं बरं. या दोघी कधी भांडल्याच नाहीत, आणि सगळा घोळ त्यामुळेच झाला.

भांडण नव्हतं म्हणजे कुरबुर नव्हती असं नाही. सुनेला रात्री उशिरापर्यंत दिवा लावून वाचत बसायची सवय, आणि सासूला पहाटे उठून भांडी वाजवायची. पण या तक्रारी एकीच्या तोंडून दुसरीच्या कानात थेट कधी गेल्या नाहीत. मध्ये मुलगा होता. सासू त्याला म्हणायची, तुझ्या बायकोला सांग, वीज काही आपल्या परसात पिकत नाही. तो जाऊन बायकोला सांगायचा, आईला उजेडात झोप लागत नाही गं. सून म्हणायची, तुझ्या आईला विचार, त्या भांडी घासतात की बडवतात? आणि हा आईला जाऊन सांगायचा, ती म्हणत होती, सकाळी तुझ्या मदतीला उठू का? असा तो दोघींचा निरोप्या. निम्मं पोचवायचा, निम्मं गिळून टाकायचा, आणि वर दोघींकडून वेगवेगळा चहा उकळायचा.

चार वर्षांपूर्वी साध्या तापाचं निमित्त झालं आणि तो गेला. घरात दोघी उरल्या, निरोप न्यायला कोणी उरलं नाही. मग दोघींनी, एकमेकींना न विचारता, एकच शहाणपण केलं. तक्रार करायचीच नाही. सून लवकर दिवा मालवून अंधारात टक्क जागी पडून राहू लागली. सासू पहाटे भांडी फडक्यात धरून उचलू लागली. भाजी अळणी झाली तर दोघी 'छान झालीये' म्हणून संपवायच्या. मिठाची बरणी समोर असायची, तिला हात कोणी लावायचं नाही. इतक्या सभ्य घरात राहणं किती अवघड असतं, ते राहिलेल्यालाच माहीत.

सून रसायनशास्त्रातली डॉक्टर. शेजारणी तिच्याकडे खोकल्याचं औषध मागायला यायच्या तेव्हा सासू दारातच त्यांना गंभीरपणे समजवायची, "ती माणसांची नाही, पिठाची डॉक्टर आहे." यात चूक काही नव्हती. गावाच्या टोकाला मक्यापासून स्टार्च काढणारी एक मोठी गिरणी होती, आणि तिला लागून एक छोटी प्रयोगशाळा. तिथे स्टार्चपासून पिशव्या करायचा उद्योग चालला होता. वापरून झाल्या की मातीत जातील, गाईगुरांच्या पोटात आणि नाल्यात अडकून बसणार नाहीत, अशा पिशव्या.

नात्यातली माणसं सुनेला अधूनमधून हळूच विचारायची, अजून वय आहे, तू तिथे कशाला अडकून पडलीस? ती म्हणायची, नोकरी आहे ना माझी. नोकरी ही फार सोयीची गोष्ट. तिच्या आड काहीही लपवता येतं. खरं कारण सांगायला तिची जीभ रेटत नसे. तिला या बाईजवळ राहायचं होतं. संध्याकाळी परसातून मातीचे हात घेऊन येणारी, चहात साखर घालताना स्वतःशी पुटपुटणारी ही बाई तिला आवडत होती. नवरा गेल्यावर हे घर तिला परकं वाटलं नव्हतं, पण त्या घराला ती परकी वाटते की काय, अशी शंका मात्र तिच्या मनात घर करून बसली होती. आपण मुलाची आठवण म्हणून इथे वावरतो, सासूला ओझं होत असेल, बिचारी बोलत नाही इतकंच. ज्या मुलामुळे नातं जुळलं तोच नसताना 'मला राहू द्या' म्हणायचं तरी कसं? म्हणून नोकरी. ती होती तोवर कोणी काही विचारणार नव्हतं.

सासूची घरामागे रोपवाटिका होती. हिरव्या जाळीखाली लिंबू, डाळिंब, अंजीर अशा फळझाडांची रोपं. बी लहान पिशवीत लावायचं, रोप हातभर झालं की ब्लेडने ती काळी प्लास्टिकची पिशवी कापून काढायची आणि रोप मोठ्या पिशवीत हलवायचं. हे कापणं नाजूक. जरा हात हलला तर मुळाभोवतीची माती ढासळते आणि रोप मान टाकतं. सासूच्या बोटांचे सांधे सुजायला लागले तसा तिचा हात हलायला लागला. डॉक्टरांनी, माणसांच्या डॉक्टरांनी, बजावलं की हे चिमटीचं काम बंद करा, नाहीतर बोटं कायमची आखडतील. सासूने मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ब्लेड हातात घेतलं.

सुनेच्या डोक्यात रोपांच्या पिशवीची कल्पना आली ती या बोटांकडे बघून. पिशवी मक्याची असली तर कापायची गरजच नाही. लहान पिशवीसकट रोप मोठ्या पिशवीत बसवायचं, आतली आत विरून जाईल. तिने हे प्रयोगशाळेत मांडलं तेव्हा तिथले प्रमुख म्हणाले, "बघू." ते सगळ्यालाच 'बघू' म्हणत, म्हणून त्यांच्या पाठीमागे सगळे त्यांना बघूसाहेब म्हणायचे.

आता पिठाची पिशवी करणं म्हणजे काय खायचं काम नव्हे. स्टार्च पाण्यात शिजवून पातळ पसरला तर वाळल्यावर त्याचा पापुद्रा होतो खरा, पण तो नुसता रुसका. कोरडा असला तर बोट लावताच तडकतो, ओला झाला की गळून जातो. लवचीक व्हायला त्यात ग्लिसरीन घालावं लागतं. आणि पाण्यासमोर उभं राहायचं बळ द्यायचं तर त्याच्या मूळ रचनेतच हात घालावा लागतो. व्हिनेगरमध्ये जे आम्ल असतं त्याच्या सख्ख्या नात्यातलं एक रसायन घ्यायचं आणि त्याचे तुकडे स्टार्चच्या लांबलचक साखळीला जागोजागी जोडायचे. हे जोड कमी पडले तर पिशवी पाणी पिऊन फुगते आणि फुटते. जास्त झाले तर पाण्याला दाद देत नाही, पण मग मातीतले जंतूही तिला तोंड लावत नाहीत, आणि तिच्यात आणि काळ्या प्लास्टिकमध्ये फरक काय राहिला? रोप मोठं होईपर्यंत टिकायचं आणि मग मुकाट्याने माती व्हायचं, एवढीच मागणी होती. तिथेच घोडं पेंड खात होतं.

अनेकदा चुकून, अनेकदा नव्याने जोड मोजून शेवटी एक पीठ जमल्यासारखं वाटलं. पीठ वितळवून त्याचा मोठा फुगा काढायचा आणि तो चापून पिशवीची सुरळी करायची, हे काम करणाऱ्या कारागिराला सगळे फुगेवाला म्हणत. त्याने पहिली सुरळी तिच्या हातात ठेवली तेव्हा तोही खूश होता. पण त्याच आठवड्यात वरून हुकूम आला. पिशव्यांचं काम दूरच्या मोठ्या शहरातल्या मुख्य प्रयोगशाळेत हलवायचं. बघूसाहेबांनी खटपट करून एका हंगामाची मुदत मिळवली. या हंगामात पिशव्यांनी रोपं नीट धरून दाखवली तर काम इथेच राहील. नाहीतर सुनेने सामान बांधायचं आणि त्या शहरात हजर व्हायचं.

तिने हे जेवताना सांगितलं. सांगताना आवाज अगदी साधा ठेवला, जणू उद्या पाणी उशिरा येणार आहे एवढंच. सासूने तितक्याच साध्या आवाजात "बरं" म्हटलं आणि तिच्या ताटात भात वाढला. दोन्ही आवाज खोटे होते, पण ओळखायला तिसरं माणूस नव्हतं.

चाचणीसाठी सासूची रोपवाटिका ठरली, कारण ती सगळ्यात जवळची आणि फुकटची. सासूने अर्ध्या जागेत लिंबं काळ्या पिशव्यांत लावली आणि अर्ध्या जागेत मक्याच्या. उरलेल्या सुरळ्या अडगळीच्या खोलीत ठेवल्या. नव्या पिशव्यांना व्हिनेगरचा वास यायचा. धुऊन धुऊनही तो थोडा मागे राहतोच. पहिल्या दिवशी सासू नाकाला फडकं लावून हसली होती. पाणी पडत गेलं की दोनेक आठवड्यांत जाईल, असं सुनेने सांगितलं आणि तसंच झालं.

मग रोज सकाळी कामावर जायच्या आधी ती जाळीखाली जाऊन यायची. तीन आठवडे झाले, पिशव्या उभ्या होत्या. महिना होत आला, उभ्या होत्या. तिचा जीव भांड्यात पडायला लागला. ती आंघोळ करताना गुणगुणू लागली. दोन महिने उलटले आणि तिने फुगेवाल्याला सांगितलं की पिशव्या अगदी नव्यासारख्या दिसताहेत. तो डोकं खाजवत म्हणाला, पिवळ्यासुद्धा पडल्या नाहीत? तळाला शेवाळं? तिने छातीठोकपणे नाही म्हटलं. खरं तर हा प्रश्न तिलाच पडायला हवा होता. एवढी शिकलेली बाई, दुसऱ्या कोणाची चाचणी असती तर तिने लगेच भुवया उंचावल्या असत्या. पण माणसाला एखादी गोष्ट खरी असायला हवी असते तेव्हा ते डोळ्यांपुढे आलेलं निमूट मान्य करतं. तिला इथे राहायचं होतं आणि पिशव्या तिला राहा म्हणत होत्या.

या काळात सासूची बोटं आणखी बिघडली. तिच्या हातून एकदा कप सुटला. सुनेने काळजीने पाहिलं तर ती म्हणाली, हवा गार पडलीये. हवा काही गार नव्हती. पण उलट बोलायची या घरात पद्धत नव्हती.

तिसरा महिना संपत आला होता. बघूसाहेब आठवडाभरात वरच्या लोकांना घेऊन रोपवाटिका बघायला येणार होते. एका सकाळी सून एका लिंबाच्या पानावरची अळी काढायला वाकली आणि तिच्या नाकात वास शिरला. व्हिनेगरचा. कोरा करकरीत. ती तशीच थांबली. मग गुडघ्यांवर बसली आणि ओळीने एकेक पिशवी हुंगत निघाली. कुंपणापलीकडून शेजारीण विचारती झाली की काही हरवलंय का. सुनेने मान हलवली. ओळीतल्या कितीतरी पिशव्यांना वास होता. या पिशव्या तीन महिन्यांच्या नव्हत्या. आठवडाभराच्याही नसाव्यात.

ती कामावर गेली, पण हातात घेतलेली काचेची नळी तिने दोनदा चुकीच्या जागी ठेवली. कुठेतरी पाणी मुरतंय हे कळत होतं, कुठे ते मनाशी म्हणायचं धाडस होत नव्हतं. दुपारी डोकं दुखतंय सांगून ती घरी निघाली.

घरात कोणी नव्हतं. मागचं दार उघडं होतं. जाळीच्या अलीकडे ती थांबली, कारण आत सासू पाटावर बसलेली होती आणि तिच्या समोर फुटक्या पिशव्यांचा ढीग होता. तळ विरून गेलेल्या, बुळबुळीत, पिवळ्या पडलेल्या पिशव्या. मातीत जायचं काम त्यांनी चोख केलं होतं, फक्त फार लवकर. मांडीवर एक लिंबाचं रोप होतं, मुळाशी ओल्या मातीचा गोळा, तो तिने हाताच्या कडेने कसाबसा सावरून धरला होता. दुसऱ्या हातात नवी पिशवी. ती पिशवी उघडत नव्हती. पातळ पिशवीचे दोन पदर वेगळे करायला चिमटी लागते, आणि तिची बोटं चिमटीत येतच नव्हती. तिने पिशवीचं तोंड ओठांत धरलं, जिभेने ओलं केलं आणि फुंकर घातली. पिशवी उघडली. तिने रोप आत सोडलं, माती चेपली, आणि दुखऱ्या हाताला दुसऱ्या हाताने जरा दाबून धरलं.

"उभं राहा रे बाबा," ती रोपाला म्हणाली. "सकाळी ती बघायला यायचीये."

या बोटांना आराम मिळावा म्हणून केलेल्या पिशव्या. रोज दुपारी, ती प्रयोगशाळेत बसून स्वतःच्या हुशारीवर खूश होत असताना, ही बाई इथे हे करत होती.

ती आत गेली. सासूने दचकून ढीग पायाखाली लपवायचा प्रयत्न केला. तेवढा ढीग पायाखाली मावणार कसा. "आज लवकर?" तिने विचारलं. "डोकं दुखत होतं," सून म्हणाली, आणि मग मातीतच बसली. तिने एक फुटकी पिशवी उचलून बोटांत चुरगळली. ओल्या कागदासारखी ती विस्कटली.

"कधीपासून, आई?"

सासूने लपवाछपवी केली नाही. पहिला महिना संपायच्या आतच एकीचा तळ गेला, तिने सांगितलं. तिला वाटलं आपलंच काहीतरी चुकलं, पाणी जास्त झालं. दुसऱ्या दिवशी आणखी चार-पाच गेल्या. तेव्हाच संध्याकाळी सांगायचं ठरवलं होतं. पण त्या संध्याकाळी सून गुणगुणत घरी आली होती. चार वर्षांत पहिल्यांदा. मग उद्या सांगू म्हटलं. उद्या परत तेच. आणि पंधरा दिवस एखादी गोष्ट लपवली की सोळाव्या दिवशी सांगायला तोंड उरत नाही.

सुनेला राग आला. तो आला हे खरं आहे आणि त्यात वावगंही काही नाही. तीन महिन्यांचं काम मातीमोल झालं होतं. चार दिवसांनी ती वरच्या लोकांपुढे या पिशव्या अभिमानाने दाखवणार होती, आणि त्या भरवशावर उद्या शंभर रोपवाटिकांत लोकांची रोपं आडवी झाली असती. "माझी अख्खी चाचणी खोटी ठरली," ती म्हणाली. इतकं सरळ वाक्य या घरात या दोघींमध्ये प्रथमच उच्चारलं गेलं. "फुटली तर फुटली म्हणायचं. त्यासाठीच तर लावल्या होत्या. का केलंत असं?"

सासूने मातीचे हात मांडीवर ठेवले. बोटं तिची तिलाच सरळ करता येत नव्हती.

"तू गेली असतीस," ती म्हणाली. "आणि थांब म्हणायला मला काय हक्क होता? तू तरुण आहेस, शिकलेली आहेस. कुठल्या नात्याने अडवू? तो असता तर त्याला म्हटलं असतं, तिला सांग रे, जाऊ नको म्हणावं. आता सांगायचं कोणाकडे? मग म्हटलं, पिशव्याच उभ्या करू."

सून उठली, कोमट पाणी घेऊन आली, आणि सासूचे दोन्ही हात त्यात धरून बसली. सांध्यांतली माती तिने एकेक बोट चोळून काढली. सासू नको नको म्हणत राहिली, पण तिने हात काढून घेतले नाहीत. मग उरलेली रोपं सुनेने एकटीने काळ्या पिशव्यांत हलवली. तिचा हात नवशिका होता, दोन रोपांची माती ढासळली. सासू पाटावरून नुसती बघत राहिली, आणि न राहवून मधेच एकदा म्हणाली, तळ आधी धर.

दुसऱ्या दिवशी तिने बघूसाहेबांना सगळं सांगितलं. सासूवर काही ढकललं नाही. म्हणाली, पिशव्या महिन्याभरात तळाशी गळतात, मी नीट पाहिलं नाही, चाचणी रद्द समजा. साहेब त्या दिवशी 'बघू' म्हणाले नाहीत. म्हणाले की तुम्ही वेळेवर सांगितलंत हे बरं झालं, आणि मोठ्या शहरातली तुमची जागा पक्की आहे, तिथे सोयी चांगल्या आहेत, तुमच्या हातून काम होईल.

तिने विचारलं, इथे काही आहे का?

साहेबांना आधी प्रश्न कळलाच नाही. कळल्यावर ते जरा ओशाळले. इथे होतं ते फक्त गिरणीत. पोत्यातलं पीठ किती कोरडं, किती पांढरं, ते तपासून शिक्का मारायचा. ते काम शाळा संपवून आलेली पोरं करतात. ती म्हणाली, चालेल. साहेब म्हणाले, पुन्हा विचार करा. ती म्हणाली, विचार करायला चार वर्षं मिळाली होती. फुगेवाल्याला हे कळलं तेव्हा त्याने कपाळाला हात लावला, पण फुगे काढायचं यंत्र कोणी उचलून नेईपर्यंत सुट्टीच्या दिवशी चालवायला तो तयार झाला.

संध्याकाळी तिने सासूला सांगितलं. सासू भाजी चिरायला बसली होती. सुरी बोटांत धड धरवत नव्हती, तरी बसली होती. ऐकता ऐकता तिने सुरी खाली ठेवली आणि तिचा चेहरा तापला.

"पोती तपासणार? एवढं शिकून? माझ्या चार शब्दांपायी नोकरीवर पाणी सोडलंस? उद्या लोक मला काय म्हणतील? म्हातारीने पोरीचा जन्म खाल्ला म्हणतील. काही नाही, तू उद्या जाऊन साहेबांना सांग, चुकलं म्हणावं. मी राहीन एकटी. राहतातच की लोक."

सुनेने तिला पूर्ण बोलू दिलं. मग तिच्या पुढ्यातली सुरी आणि भाजी स्वतःकडे ओढून घेतली.

"तुमच्यासाठी नाही थांबले, आई. तसं समजू नका," ती म्हणाली. "मी नोकरीसाठी इथे आहे असं सगळ्यांना सांगत होते. तुम्हालाही. ते खोटं होतं. नोकरी नसती तर दुसरं काही निमित्त काढलं असतं. मला तुमच्याजवळ राहायचं आहे. त्याची बायको म्हणून नाही, तो असो नसो. मला इथे बरं वाटतं. तुम्हाला चालणार असेल तर मी राहते. चालणार नसेल तर तसं तोंडावर सांगा, मला वाईट वाटेल, पण मी जाईन."

तिने मान वर केली नाही. भाजी चिरत राहिली, आणि ती जरा जास्तच बारीक चिरली गेली. आपण हे बोललो यावर तिचा स्वतःचाच विश्वास बसत नव्हता. एक क्षण तिला वाटलं की आपण चुकलो, की ही बाई इतकी वर्षं खरोखरच सभ्यपणे आपल्याला सहन करत होती, आणि आता सभ्यपणेच नकार कसा द्यावा ते शोधते आहे.

सासू डोळे पुसत होती. बोटं वळत नसल्यामुळे मनगटाने पुसत होती, आधी एक, मग दुसरा. पुसून झाल्यावर ती भिंतीला धरून उठली, फळीवरचे डबे सरकवू लागली, एक काढून ठेवला, परत आत टाकला, दुसरा काढला, त्याचं झाकण घट्ट बसतंय का ते दाबून पाहिलं.

"गिरणीत सकाळी किती वाजता जायचं असतं?" तिने विचारलं.

"सातला."

"म्हणजे डबा साडेसहाला तयार हवा," सासू म्हणाली. "आणि भाजी एवढी बारीक चिरत नाहीत गं. लगदा होतो तिचा."